चार आउटपुट सांगितले, निघालं एकच

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी ३ लाख ६० हजार रुपये देऊन एक सेकंडहँड मीडिया सर्व्हर, म्हणजे एलईडी वॉलवर व्हिडिओ सोडणारी मशीन, घेतला आणि फसलो. एलईडी वॉलच्या धंद्यात नवीन उतरलेली बरीच पोरं सध्या अशीच सेकंडहँड सिस्टीम शोधतायत, म्हणून जसं घडलं तसं सगळं लिहितोय.

माझा धंदा कराडचा. सुरुवात प्रोजेक्टर आणि पांढऱ्या पडद्यावर झाली, मग हळूहळू कर्ज काढून पी ३.९१ ची (दोन ठिपक्यांत ३.९१ मिलिमीटर अंतर असलेली) एलईडी पॅनेलं घेतली. आतापर्यंत एका वॉलवर एकच व्हिडिओ लावायचं काम असायचं, त्याला लॅपटॉप पुरायचा. पण आता गावाकडची मंडळंसुद्धा मधे मोठी वॉल, दोन्ही बाजूंना उभ्या वॉल आणि वर पट्टी मागतात, आणि प्रत्येकीवर वेगळं काहीतरी हवं असतं. त्यासाठी चार स्वतंत्र आउटपुट देणारी मशीन आणि समोर फेडर (वर-खाली सरकणाऱ्या दांड्या) आणि बटणांचं कन्सोल लागतं. नवीन घ्यायची ऐपत नव्हती. ओळखीच्या एका ट्रसवाल्याकडून (स्टेजचे लोखंडी सांगाडे भाड्याने देणाऱ्याकडून) नंबर मिळाला: मुंबईकडचा माणूस आहे, धंदा बंद करतोय, सगळा सेट काढायचाय.

भाच्याला घेऊन त्याच्या गोदामात गेलो. चाकांची काळी फ्लाइट केस, वर कन्सोल, खाली रॅकमध्ये मशीन, मागे पत्र्याच्या पट्टीवर ओळीने चार एचडीएमआय सॉकेट. समोर चार ४३ इंची टीव्ही मांडलेले. त्याने बटण दाबलं आणि चारही टीव्हींवर चार वेगळे व्हिडिओ सुरू झाले. एकावर ज्वाळा, एकावर फिरती मंडलं, एकावर पाणी, एकावर सोनेरी कण. फेडर खाली घेतला की एकच टीव्ही काळा व्हायचा, बाकीचे चालूच. आम्ही दोघंही हरखून गेलो, हे कबूल करतो. मला हवं होतं ते अगदी तसंच समोर चालताना दिसत होतं.

भाच्याने एक प्रश्न मात्र बरोबर विचारला होता. रेझोल्यूम अरेना या व्हिडिओ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲडव्हान्स्ड आउटपुट नावाची खिडकी असते, ती उघडून दाखवा म्हणाला. त्यात खरोखर चार आउटपुट असतील तर चार स्क्रीन दिसतात आणि प्रत्येकीपुढे तिचं वेगळं डिव्हाइस. तो माणूस म्हणाला, "त्यात दुसऱ्या क्लायंटचं मॅपिंग आहे, दाखवता येत नाही." कीबोर्ड-माउस पूर्ण वेळ त्याच्याच हातात. रॅकच्या स्क्रूंवर वॉरंटीची स्टिकरं चिकटवलेली, "फाटलं तर वॉरंटी गेली." त्या क्षणी उठायला हवं होतं. मी उलट भाच्यालाच डोळ्यांनी गप्प केलं, पुढे भाव उतरवायचा होता म्हणून.

भाव उतरलाही. "बिल नको, १८ टक्के जीएसटी वाचेल," असं तोच म्हणाला आणि मला ते सोयीचं वाटलं. ६० हजार टोकन यूपीआयने, बाकीचे ३ लाख दुसऱ्या दिवशी आरटीजीएसने. खातं तिसऱ्याच नावावर होतं. विचारलं तर "पार्टनरचं आहे" म्हणाला. हातात मिळालं ते एक डिलिव्हरी चलन, त्यावर "व्हिडिओ सेट १ नग". सिरियल नंबर नाही, आतल्या ग्राफिक्स कार्डाचं (चित्र बाहेर काढणाऱ्या भागाचं) नाव नाही.

पहिले तीन कार्यक्रम ऑर्केस्ट्राचे होते आणि ते व्यवस्थित पार पडले, त्यामुळे शंकाच आली नाही. ऑर्केस्ट्रात मागे ज्वाळा आणि लाटाच चालतात. ज्वाळा थोडी पुसट झाली तर कोणाला कळतं?

चौथं काम एका पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवाचं. १९७४ पासूनचे संस्थापक आणि दिवंगत सभासद, सगळ्यांची नावं पडद्यावर यायची होती. मधली वॉल बारा बाय सहा, म्हणजे ७२ पॅनेलं. अर्ध्या मीटरच्या एका पॅनेलवर १२८ बाय १२८ पिक्सेल, म्हणजे वॉल १५३६ बाय ७६८ ची. नावांचा व्हिडिओ भाच्याने त्याच मापात बनवला होता. जनरेटर उशिरा आला, चाचणीला वेळ मिळाला नाही, नेहमीचा लूप लावून पाहिला आणि प्रेक्षक आत सोडले.

नावं सुरू झाली आणि वाचताच येईनात. लांबून नुसत्या शिरोरेषा दिसत होत्या. रफार गेलेला, अनुस्वार मात्रेत मिसळलेला, जोडाक्षराचा ठिपका झालेला. वॉलच्या प्रोसेसरवर शार्पनेस फिरवून पाहिला, केबल बदलली, काहीच फरक नाही. एक आजी पहिल्या रांगेतून उठून वॉलच्या अगदी जवळ आल्या. एलईडीच्या जवळ गेलं की अक्षर आणखी फुटतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मालकाचं नाव आलं का, असं त्या माझ्या पोराला विचारत होत्या, आणि नाव तोवर वर सरकून गेलं होतं. संस्थेचे सचिव मला एक शब्द बोलले नाहीत. कामाचे पैसे मी घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी स्टिकरं फाडून रॅक उघडला. त्याने सांगितलं होतं आरटीएक्स ४०७० कार्ड, ज्याला तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतात, म्हणजे चार आउटपुट. आत निघालं जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ सालचं. त्याच्यातून एकच एचडीएमआय केबल निघून एका छोट्या डब्यात गेली होती, आणि डब्यातून चार केबली मागच्या पट्टीच्या सॉकेटांना. तो डबा म्हणजे टू बाय टू व्हिडिओ वॉल कंट्रोलर. दुकानात चार टीव्ही जोडून एकच मोठं चित्र दाखवायला वापरतात तो. एका चित्राचे चार तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा ताणून फुल एचडी म्हणून बाहेर सोडतो. अरेनामध्ये एकाच स्क्रीनचे चार कोपरे करून चार व्हिडिओ बसवले की बघणाऱ्याला चार स्वतंत्र आउटपुट वाटतात. फेडरही कोपऱ्याकोपऱ्याला जोडलेले.

हिशेब मांडला तेव्हा कळलं. एका फुल एचडी चित्रात २०,७३,६०० पिक्सेल. त्याचा एक कोपरा ९६० बाय ५४०, म्हणजे ५,१८,४००. माझ्या मधल्या वॉलला हवेत ११,७९,६४८. व्हिडिओत २० पिक्सेल उंच असलेलं अक्षर साडेबारा पिक्सेलांत कोंबलं जात होतं आणि मग परत ताणलं जात होतं. देवनागरी तेवढ्यात मावत नाही. अरेनाही क्रॅक केलेली होती. खऱ्या लायसन्सला त्या वेळी ७९९ युरो पडत होते, तेही किमतीत धरून त्याने माझ्याकडून घेतले होते.

हे सगळं मला त्या गोदामात पाच मिनिटांत कळलं असतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आयडेंटिफाय दाबलं की जोडलेल्या प्रत्येक पडद्यावर त्याचा आकडा उमटतो. चार पडद्यांवर चार वेगळे आकडे यायला हवेत. माझ्याकडे चारांत मिळून एकच आकडा आला असता. कीबोर्ड मागून घ्या आणि हे स्वतः दाबा. विकणारा नको म्हणाला तर घरी या. आपलं स्वतःचं चाचणीचं चित्र पेन ड्राइव्हवर न्या: एक पिक्सेल जाडीच्या काळ्या-पांढऱ्या रेघा आणि बारीक मराठी मजकूर. रेघा राखाडी झाल्या तर चित्र कुठेतरी ताणलं जातंय. ज्वाळा, धूर, पाणी यांच्यावर डेमो बघूच नका, कारण त्यात दोष दिसत नाही. आणि कार्डाच्या नावावरही डोळे झाकून विसंबू नका. जुन्या कार्डाचं बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला नवं नाव चिकटवणारे आहेत. जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर २०१८ पासून अशा एनव्हिडिया कार्डांच्या नावापुढे 'फेक' असं दाखवतं.

विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. पोलिसांत तक्रार दिली, फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. पहिला प्रश्न आला, बिल कुठंय? १८ टक्के वाचवायला गेलो होतो, आता यूपीआय आणि आरटीजीएसच्या नोंदी, चलन आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं एवढाच पुरावा उरलाय. ऑनलाइन पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, मला कळायला साडेतीन आठवडे लागले. ग्राहक आयोगाबद्दलही सांगतो. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही असं सांगून मला दोघांनी परत पाठवलं होतं. पण २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या अटीतून सोडलेली आहे. वकिलाने तेवढ्यावर अर्ज केलाय. ज्या ट्रसवाल्याने नंबर दिला होता त्याने आणखी दोघांना दिला होता. त्यांच्या रॅकमध्येही तोच डबा निघाला.

२६ जानेवारीला एका मित्राची मशीन मागून आणली आणि पतसंस्थेच्या पटांगणात, झेंडावंदन झाल्यावर, यादी पुन्हा लावली. उन्हामुळे ब्राइटनेस पूर्ण चढवावा लागला, पण प्रत्येक नाव रफारासकट वाचता येत होतं. आजी त्या दिवशी आल्या नव्हत्या.