परतवाड्याचं लेथ: फ्लायव्हीलवर मोठा क्लच बसवून घेतला, त्याचा अनुभव

दुकानावर बोर्ड नाही, म्हणून नाव टाकत नाही. परतवाड्यात कोणत्याही जीपवाल्याले म्हाताऱ्या काकाचं लेथ कुठं आहे विचारा, तो बोट दाखवते. टिनाचं शेड, एक जुनं लेथ, एक उभं ड्रिल अन बसायले स्टूल एकच, त्यावर बहुतेक मांजर असते.

काम आमच्या जुन्या डिझेल जीपचं होतं. संत्र्याचे क्रेट भरून चढावर घेतली का इंजिन बोंबलते पण गाडी जागची हालत नाही, वरून जळका वास. ९ इंची क्लच सटकत होता, तोच परत टाकला असता तं दोन सीझनमध्ये पुन्हा तेच. म्हणून भंगारातून १० इंची प्रेशर प्लेट आणली (क्लच प्लेटले फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकावर, दाबून धरते ती). मले वाटलं सहा बोल्ट काढायचे, सहा लावायचे. कुठचं काय, बोल्टचं वर्तुळच मोठं निघालं, एकही छिद्र जुळेना.

इथं पहिली चूक माझी. जवळ पडते म्हणून एका दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गेलो (नाव घेत नाही). त्या पोरानं फ्लायव्हील खाली जमिनीवर ठेवलं, त्यावर प्रेशर प्लेट ठेवली, अंदाजानं मधोमध सरकवली अन हँड ड्रिलनं सहा छिद्रं पाडून दिली, अर्ध्या तासात मोकळा. गाडी चालली, क्लच पण धरला. पण स्पीड घेतला का गिअरचा दांडा थरथरायचा, स्टेअरिंग धरून हाताले मुंग्या यायच्या, बाबा म्हणे हे जीप आहे का भात काढायचं मशीन. शेवटी खोलून काकाकडे नेलं.

काकानं कॅलिपर लावला, दोन ठिकाणी मोजलं अन म्हणाले, "मिलीमीटरच्या वर सरकलं हाय हे. अन बोल्टानं सेंटर येत नसते बावा, बोल्ट फक्त दाबून धरते, सेंटरले डॉवेल पिन (बिनआट्याची घट्ट खिट्टी) लागते. याची तं चाळणी करून ठेवली त्यानं, मी हात नाही लावत. दुसरं फ्लायव्हील आण." मी म्हटलं काका मधल्या जागेत अजून सहा पाडून द्या ना. तर म्हणे, "बिडाचं हाय, फुटलं तं तुह्या पायातून जाईन."

मले राग आला होता, खरं सांगतो. एवढं ३० किलोमीटर आलो अन हा माणूस नाही म्हणून रायला. पण दुसऱ्या दिवशी भंगारातून दुसरं फ्लायव्हील, सोबत क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, सारं घेऊन गेलो कारण त्यांनी सांगितलंच होतं का पूर्ण सामान आल्याशिवाय ड्रिल चालू होत नाही. प्लेटचे आतले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टले जुळतात का हे त्यांनी आधी पाहिलं, प्लेट घासते तेवढी जागा फ्लायव्हीलवर आहे का हे मग. त्यात काय विशेष असं वाटेल, पण माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

अन मग विचारलं, "घरी मोरचूद हाय?" आता संत्र्याच्या घरी मोरचूद नसणार तं कोणाकडे, बोर्डोसाठी (झाडाले लावायच्या औषधासाठी) पोतं पडलेलं असते. त्याचं पाणी करून दोन थेंब बॅटरीचं अ‍ॅसिड टाकलं अन लेथवर साफ केलेल्या लोखंडावर फडक्यानं पुसलं तं सारा भाग तांब्याच्या गडव्यासारखा लाल झाला. त्यावर सुईनं रेघ मारली का केसाएवढी बारीक पण उठून दिसते. झाडाच्या बुडाले लावायची वस्तू इथं मार्किंगले लागते हे मले ४० वर्षांत माहीत नव्हतं.

नवी छिद्रं जुन्याच्या बरोबर मधोमध घेतली, ६.८ एमएमचं ड्रिल अन मग आटे पाडायले ८ एमएमचा टॅप, सोबत दोन डॉवेल. घासणारा भाग लेथवर अर्धा एमएम कातून घेतला तं प्रेशर प्लेट बसते तो कडेचा भाग पण तेवढाच घेतला. मी विचारलं हे कशाले, तं म्हणे एकच घेतला तं दाब कमी पडते अन तुहा क्लच पुन्हा सटकन. मी मोबाईलवर पाहून फ्लायव्हील हलकं करायचं पण सुचवलं होतं. त्यावर नुसतं पाहिलं माझ्याकडे. जुन्या डिझेलले कमी आरपीएमवर वजनच ओढते, हे मले नंतर कळलं.

बॅलन्सिंग त्यांच्याकडे साधंच आहे. मधून शाफ्ट टाकायचा, लेव्हलमधल्या दोन पट्ट्यांवर ठेवायचं, जड बाजू आपोआप खाली येते, तिथं मागून थोडं ड्रिल मारायचं. १२ एमएमचं ड्रिल एक सेंटीमीटर आत गेलं का आठेक ग्राम जाते. तीनदा फिरवून पाहिलं, तिन्ही वेळा वेगळ्या जागी थांबलं तेव्हा सोडलं. जोरात पळणारी पेट्रोल गाडी असेल तं मशीनवर फिरवून बॅलन्स करून घ्या, कारण आरपीएम दुप्पट झाला का धक्का चौपट होते.

आता तक्रार. दोन दिवस म्हणाले अन नऊ लागले, त्यातले चार तं लाइटच नव्हती. फोन उचलत नाहीत. बिल मागितलं तं सिगारेटच्या पाकिटावर २८०० लिहून दिले. अन लेथवर चष्मा पण घालत नाहीत, आपण सांगितलं तं हसतात.

बसवताना आमच्या मेकॅनिकनं क्लच प्लेट उलटी धरली होती, लिहिलेली बाजू पाहून मीच थांबवलं. मग १८ क्रेट भरून चिखलदऱ्याचा घाट चढवला, वळणावर मुद्दाम थांबवून पुन्हा उचलली. वास नाही, थरथर नाही. पेडल मात्र जड झालं, प्रेशर प्लेटची स्प्रिंग तगडी आहे ना. बाबा आता बाजारात गेले का परत येताना मलेच बोलावतात, म्हणतात डावा पाय दुखते, तुह्या काकाले सांग.