वयस्कांसाठी ई-प्रिस्क्रिप्शन: काही महिने वापरल्यावर

माझ्या ओपीडीत बहुतेक रुग्ण सत्तरीपुढचे. गोळ्या सात-आठ आणि त्या लिहून देणारे डॉक्टर वेगवेगळे. अशांसाठी संगणकावर चिठ्ठी लिहायचं हे सॉफ्टवेअर काही महिने रोज वापरतोय.

सर्वांत मोलाचा वाटला तो किडनीचा हिशेब. 80 वर्षांच्या, 45 किलो वजनाच्या आजींचं क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, किडनीने बाहेर टाकायचा घटक) रक्तात 1.1 आलं, तर रिपोर्ट नॉर्मलच वाटतो. पण उतारवयात स्नायू घटतात, त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं आणि किडनी मंदावली तरी आकडा चांगला दिसतो. वय, वजन धरणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने क्लिअरन्स, म्हणजे किडनीचा गाळण्याचा वेग, काढला की येतो मिनिटाला जेमतेम 29 मिलिलिटर. म्हणजे नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिनची दिवसाची कमाल मर्यादा 600 मिलिग्रॅमवरून 150 वर येते. सूत्र आम्हाला माहीत असतं, पण भरलेल्या ओपीडीत दर रुग्णामागे ते मांडायला उसंत नसते. इथे डोस टाकतानाच आकडा समोर येतो. मात्र वजन ताजं हवं. म्हणून आमच्या सिस्टर आता प्रत्येक भेटीत वजन घेतात.

वृद्धांना शक्यतो टाळायच्या औषधांची, 1991 पासून चालत आलेली बीअर्स यादी (2023 ची आवृत्ती) आतच आहे. मधुमेहावरचं ग्लिबेनक्लामाइड निवडलं की साखर बराच वेळ खाली राहण्याचा धोका दिसतो, झोपेसाठी-चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या डायझेपामला तोल जाऊन पडण्याचा. सोबत पर्यायही सुचवला जातो, आणि माझ्या मते सूचना ऐकली जाते ती त्यामुळेच.

सुरुवातीला अलर्टचा मारा असह्य होता. दोन औषधांच्या किरकोळ इंटरॅक्शनलाही (एकमेकांवरच्या परिणामालाही) स्क्रीनवर खिडकी उघडायची. अशाने हात आपोआप ‘ओके’वर जातो आणि रक्तदाबाचं रामिप्रिल आणि लघवी वाढवणारं डाययुरेटिक चालू असताना वर वेदनाशामक डायक्लोफिनॅक, हा किडनीला खरोखर घातक मेळही त्यातच निसटू शकतो. मागे लागून सेटिंग बदलून घेतलं: गंभीर तेवढंच काम थांबवतं, बाकीचं बाजूला दिसतं.

काही गोष्टी त्याला दिसतच नाहीत. रुग्ण दुकानातून परस्पर घेतो ती वेदनाशामकं, सर्दीच्या गोळ्या. किंवा रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजले आणि सुजेवर कुणी फ्युरोसेमाइड हे डाययुरेटिक सुरू केलं, तर दोन्ही औषधं आपापल्या जागी योग्य, अलर्ट शून्य. त्यासाठी पिशवीतल्या सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडून विचारावंच लागतं.

माझी मोठी तक्रार औषध बंद करण्याबद्दल आहे. स्क्रीनवर मी ‘बंद’ केलं तरी फार्मसीला निरोप जात नाही. जुन्या चिठ्ठीवर तीच गोळी पुन्हा मिळू शकते. नवी सिस्टिम घेणार असाल तर डेमोमध्ये आधी एखादं औषध बंद करायला लावा आणि फार्मसीच्या स्क्रीनवर काय दिसतं ते बघा.