आयएसआरसी आणि टॅगिंग: आठ महिने वापरल्यानंतर

नागपूरच्या महाल भागात आमच्या घराच्या वरच्या खोलीत छोटा स्टुडिओ आहे. येणारे लोक म्हणजे खंजिरी भजनाची मंडळं आणि भीमगीतं गाणारे. दसऱ्याआधी दीड महिना जेवायला फुरसत नसते, कारण प्रत्येकाला दीक्षाभूमीच्या गर्दीपर्यंत नवं गाणं पोचवायचं असतं. पूर्वी सीडी बनवून दिली की काम संपायचं. आता गाणं ऑनलाइन टाकायचं, म्हणून आयएसआरसीच्या मागे लागलो.

हा रेकॉर्डिंग ओळखायचा बारा अक्षर-अंकांचा कोड. पहिली पाच उपसर्गाची, म्हणजे कोड देणाऱ्याची खूण, मग वर्षाचे दोन अंक, शेवटी पाच आकडी क्रमांक. भारतात उपसर्ग इंडियन म्युझिक इंडस्ट्री देते. स्वतःचा नसेल तर वितरक, म्हणजे गाणी ऑनलाइन पोचवणारी कंपनी, त्याच्या खात्यातून कोड काढून देतो. मी तेच केलं, आणि तिथेच फसलो. चार महिन्यांनी वितरक बदलला, तेव्हा जुने कोड सोबत न्यायचे असतात हे कोणी सांगितलंच नाही. नव्याने त्याच रेकॉर्डिंगला दुसरा कोड चिकटवला. एका गाण्याची दोन गाणी झाली, ऐकणाऱ्यांचा आकडाही दोन ठिकाणी वाटला गेला. निस्तरायला पाच आठवडे आणि अकरा ईमेल. आता सगळे कोड माझ्या एक्सेलमध्ये असतात, वितरकाच्या भरवशावर नाही.

अजून एक गोष्ट उशिरा डोक्यात शिरली. आयएसआरसी रेकॉर्डिंगचा असतो, गाण्याचा नाही. तेच भजन मंडळाने पुन्हा गायलं, तर नवा कोड; जुनीच फाइल दुसऱ्या अल्बममध्ये घातली, तर जुनाच. शब्द आणि चालीसाठी आयएसडब्ल्यूसी हा कोड वेगळा, टी या अक्षराने सुरू होणारा. आणि वर्षाचे ते दोन अंक कोड दिल्याच्या वर्षाचे. १९९४ची कॅसेट आम्ही डिजिटल केली, तर मंडळाचे अध्यक्ष भांडायलाच आले: आमचं गाणं एवढं नवं कसं दाखवता?

टॅग, म्हणजे फाइलीच्या आतच लिहिलेली गाण्याची माहिती, भरायला एमपी३टॅग हे सॉफ्टवेअर वापरतो. विंडोजवर फुकट आहे आणि शंभर फाइलींची नावं एका झटक्यात बदलतं. मास्टर कॉपी फ्लॅक प्रकारच्या फाइलीत ठेवतो, त्यात देवनागरी नीट बसते. जुन्या एमपी३ फाइलींमध्ये मात्र आयडी३ या टॅग-पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीचे टॅग निघाले. त्यात गाण्याच्या नावाला जेमतेम तीस बाइट, म्हणजे लांब नावं अर्ध्यावर तुटलेली. कोणीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं तर निव्वळ गिचमीड दिसत होती.

सगळ्यात जास्त छळलं 'ऱ्य'ने. एका नावात 'वाऱ्यावर' होतं. हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतं: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साध्या र् नंतर न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधताना मात्र वेगळे. माझ्या एक्सेलमध्ये एक, फाइलीत दुसरं. दोन रात्री गाणं शोधत बसलो, ते समोरच होतं. रोमन स्पेलिंगची गंमत वेगळीच: विठ्ठल नावाच्या एकाच गायकाची, एका 'टी'ने आणि दोन 'टी'ने, अशी दोन पानं तयार झाली.

पाचपैकी चार तारे. एक तारा वितरकाच्या फॉर्मसाठी कापला. गायक, संगीतकार, गीतकार यांच्यासाठी ठळक रकाने आहेत, पण वादकांचा रकाना इतक्या आत लपलाय की मी तो तीन महिने रिकामाच सोडत होतो. सापडल्यावर मंडळाच्या खंजिरीवाल्या काकांना विचारलं, तुमचं पूर्ण नाव काय लिहू? ते म्हणाले, "काऊन बाप्पा, इतकी वर्षं वाजवतो, माह्यं नाव आजवर कोणी इचारलं नाही." स्पेलिंग त्यांच्या नातीने आधार कार्ड बघून सांगितलं.

डब्यात अजून बावीस कॅसेटी आहेत. त्यातल्या तीन कॅसेटींवर फक्त 'भजन, साइड ए' लिहिलंय. खंजिरी कोणाची, हे ऐकून ओळखायला काका येत्या रविवारी येणार आहेत.