फोर-स्ट्रोकच्या नावाखाली रंग मारलेला टू-स्ट्रोक गळ्यात मारला. 1,62,750 रुपये गेले

आधी आकडे सांगतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो. 19 जून 2024 ला आगाऊ 45,000. 24 जूनला उरलेले 1,07,500. त्याच संध्याकाळी 'पेटी आणि विमा' म्हणून 6,800. माल सोडवताना ट्रान्सपोर्टला 3,450. एकूण 1,62,750 रुपये. एवढे मोजून आमच्या हातात पडलं ते बोटीचं जुनं, वरून रंग मारलेलं टू-स्ट्रोक मशीन, त्यावर नव्याकोऱ्या फोर-स्ट्रोकचं स्टिकर. स्टिकर कुठल्या कंपनीचं होतं ते लिहीत नाही. त्या कंपनीचा यात काही संबंध नाही, तिचं नुसतं नाव चोरलंय.

हे पैसे एकट्या माझे असते तर गप्प बसलो असतो. भावकीतल्या आठ घरांनी वर्गणी काढली होती, ती माझ्या शब्दावर. त्यांचे पैसे मी उसाच्या बिलातून परत केले. पण आजही चावडीसमोरून जाताना कुणी 'मशीन आलं का?' म्हणून विचारलं की अंगाचा तिळपापड होतो.

आमचं गाव प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या पट्ट्यातलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर. 2019 ला आम्ही गुऱ्हाळाच्या काहिलीत बसवून म्हातारी माणसं आणि शेरडं बाहेर काढली. त्याच ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्यानंतर गावाची स्वतःची बोट हवी, हे सगळ्यांनी ठरवलं. 14 फुटी फायबरची बोट 2022 मध्ये घेतली. तिला मागं लावायचं ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मशीन राहिलं होतं.

फोर-स्ट्रोकच का, यावर मी बराच अभ्यास केला होता. 'अर्धवट माहितीवर उडी मारली' असं जे बोलतात त्यांच्यासाठी हे लिहितोय. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं, 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिली. अंधारात, पावसात, भिजलेल्या हातानं ते माप चुकतं. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं, पेट्रोल वेगळं, शिवाय पेट्रोल कमी पितो. पुरात हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली जातो, टँकर अडकतात, पंपावर पेट्रोल मिळत नाही, तेव्हा लिटरभर वाचलं तरी एक फेरी जास्त होते. आवाजही कमी, त्यामुळं माडीवरून कोण हाक मारतंय ते ऐकू येतं. वजन मात्र जास्त. मी निवडलेलं 15 एचपीचं मॉडेल कॅटलॉगात 50 किलोच्या वर होतं. हा 50 चा आकडा लक्षात ठेवा, पुढं येणार आहे. आमच्या बोटीची मागची फळी 20 इंच, म्हणून लाँग शाफ्ट, म्हणजे मशीनचा पाण्यात जाणारा लांब पाय हवा होता. 15 इंची शॉर्ट शाफ्ट लावला तर पंखा तळाच्या लगत येतो आणि पाण्याऐवजी हवा ओढतो. हे सगळं मला माहीत होतं. माहिती असूनही फसलो, ही आग आहे.

अधिकृत विक्रेत्यानं 2,38,000 सांगितले आणि थांबायला लावलं आठ आठवडे, म्हणजे ऑगस्टचा मध्य. आमचा पूर जुलैच्या शेवटी येतो. इकडं ऑनलाइन जाहिरातीतला माणूस स्वच्छ मराठी बोलणारा. 'गोव्यात गोदाम आहे, मागच्या वर्षीचा साठा, पेटी फोडलेली नाही, पूरपट्ट्यातल्या गावांना सवलत देतो.' किंमत 1,52,500. फुकटात देतोय असं वाटावं इतकी कमी नाही, घासाघीस केल्यावर पटावी अशीच. हीच त्यांची हुशारी. लाखाचा माल वीस हजारात देणाऱ्याला आता कुणी फसत नाही.

आता तो क्षण, जो आठवला की आजही झोप उडते. मी व्हिडिओ मागितला. त्यानं पाण्याच्या बॅरलमध्ये मशीन सुरू करून दाखवलं. एका दोरीत सुरू झालं, मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बारीक पण सलग पडत होती. धार बघून मी खूश झालो. बॅरलच्या कडेवरून ऑइल जळल्यासारखा निळसर धूर वर येत होता, तोही मला दिसला. मी विचारलं, तर म्हणाला, 'नवीन मशीनमध्ये आतून गंज लागू नये म्हणून ऑइल मारलेलं असतं, ते जळतंय.' हे उत्तर खोटंही नव्हतं, पहिल्यांदा सुरू करताना असा धूर खरंच येतो. मग मी म्हणालो, टोपण काढून डिपस्टिक, ऑइल मोजायची पट्टी, दाखवा. त्यावर, 'ऑइल कंपनीतूनच भरून सील केलेलं असतं, डिपस्टिक पहिल्या सर्व्हिसिंगला बसवतात.'

फोर-स्ट्रोकला डिपस्टिक नाही, असं कधी असतं का! नवीन फोर-स्ट्रोक बहुतेक वेळा ऑइल न भरताच येतो, भरून डिपस्टिक बघितल्याशिवाय सुरूच करायचा नसतो. हे मी मॅन्युअलमध्ये वाचलेलं होतं. पण त्या दिवशी राधानगरीच्या पाणलोटात धो धो पाऊस, घरात माणसं 'कधी येणार मशीन' म्हणून मागं लागलेली, आणि समोरचा इतक्या ठामपणे बोलला की मला वाटलं, नव्या मॉडेलमध्ये बदललं असेल. कुणालाही वाटलं असतं. पैसे तिथंच थांबवायला हवे होते.

बिलावरचं तर उघड होतं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गोव्याचा 30, महाराष्ट्राचा 27. त्याच्या बिलावर 24, म्हणजे गुजरात. जीएसटीच्या वेबसाइटवर नंबर टाकला की नाव, पत्ता, धंदा सगळं दिसतं, लॉगिन लागत नाही. मी ते नंतर केलं. नंबर खरा होता, पण कुठल्यातरी कापड दुकानाचा, आणि तोही रद्द झालेला. माल कुठला ते सांगणारा एचएसएन कोड टाकला होता 8413, तो पाण्याच्या पंपाचा. बोटीचं पेट्रोल मशीन 8407 मध्ये येतं. बिल आलं की पहिल्यांदा हे दोन आकडे तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि खातं फर्मच्या नावानं नसून कुणाच्या सेव्हिंगचं असेल तर एक रुपयाही टाकू नका, विकणारा 'फर्मचं ऑडिट चालू आहे' म्हणो नाहीतर काहीही म्हणो.

3 जुलैला शिरोलीतल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात पेटी आली. सहीशिवाय उघडू देईनात. 'माल सुस्थितीत मिळाला' यावर सही घेतली, हीच सही पुढं माझ्याविरुद्ध दाखवली गेली. तुम्ही सहीच्या वर पेनानं लिहा: 'पेटी न उघडता घेतली.' बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, वजन लिहिलं होतं पेटीसकट 46 किलो. लाकडी पेटीसकट! कॅटलॉगात नुसतं मशीनच 50 च्या वर होतं.

पेटी तशीच उद्यमनगरला नेली. तिथले एक मिस्त्री, सत्तरीतले, बोटीच्या मशीनला पहिल्यांदाच हात लावत होते, पण इंजिन ते इंजिन. त्यांनी टोपण काढलं नाही, आधी स्क्रूकडं बघितलं. स्क्रूच्या खाचेत रंग भरला होता. 'कंपनीचा स्क्रू रंगल्यावर बसतो, ह्यो बसल्यावर रंगलाय,' एवढंच म्हणाले. मग नखानं स्टिकरची कड उचलली, खाली दुसरं स्टिकर. टोपण काढल्यावर ना डिपस्टिक, ना ऑइल फिल्टर, ना व्हॉल्व्हचं कव्हर, म्हणजे टू-स्ट्रोकच. फ्लायव्हीलच्या मागं वाळलेला गाळ खपली धरून बसलेला आणि पाण्याच्या वाटेत पांढरं मीठ. म्हणजे समुद्रात चाललेलं आणि कधीतरी बुडालेलं मशीन. मशीन बोटीला अडकवायच्या क्लॅम्पवरची नंबरची पट्टी उखडून बाजारातल्या साध्या रिबिटनं दुसरी ठोकलेली. शाफ्ट 15 इंच. आमच्या बोटीला ते बसतसुद्धा नव्हतं.

मॉडेलचा कोड वाचायला शिका. यामाहात फोर-स्ट्रोकचा कोड 'एफ'नं सुरू होतो, सुझुकीत 'डीएफ', होंडात 'बीएफ', टोहात्सूत 'एमएफएस'. टोपणावरचा नाही, क्लॅम्पच्या पट्टीवरचा वाचा, आणि तो नंबर पैसे देण्याआधी अधिकृत विक्रेत्याकडून तपासून घ्या.

आता सरकारी दाराची गोष्ट. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली गेली, पण पैसे जाऊन दिवस लोटले होते, खातं रिकामं. हा फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, संशय आला तरी करा. बँकेच्या शाखेत म्हणाले, 'तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी तुमचाच.' मी दरोडा पडला असं म्हणतच नव्हतो, समोरच्या खात्याची माहिती पोलिसांना लवकर द्या एवढंच म्हणत होतो.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर, 'माल मिळालाय ना? मग हे दिवाणी आहे.' स्टिकर बदललं, नंबर पट्टी बदलली, बिल खोटं, जीएसटी नंबर दुसऱ्याचा, तरी दिवाणी! मग म्हणाले, खातं परराज्यातलं आहे, तिकडं जा. मी झिरो एफआयआरचं बोललो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 खाली हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवावा लागतो. त्यावर नवाच घोळ: पैसे जूनमध्ये दिलेत, तेव्हा फसवणुकीला 420 कलम होतं, आता न्याय संहितेचं 318 आलंय, कुठलं लावायचं ते साहेबांना विचारून सांगतो. गुन्हा जूनचा असेल तर जुनं कलम आणि तपास नव्या पद्धतीनं, एवढं सरळ आहे. हे वकिलाकडून लिहून आणून दिलं, तर कागद ठेवून घेतला. मग पूर आला, पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली, सगळे बंदोबस्ताला. तेही समजू शकतो. पण पूर ओसरल्यावर गेलो, तर माझा अर्जच सापडेना! पोच दाखवली तेव्हा सापडला. पोच घेतल्याशिवाय कुठलाही अर्ज देऊ नका. शेवटी वरिष्ठांना रजिस्टर पोस्टानं अर्ज पाठवला तेव्हा गुन्हा नोंदला. तपास करणारा माणूस तेव्हापासून दोनदा बदललाय, आणि प्रत्येकाला फोर-स्ट्रोक म्हणजे काय इथपासून मीच सांगतोय. ज्या मशीनवाचून पुरात माणसं वल्ह्यावर राहिली, त्याला हे लोक 'तुमची ती मोटर' म्हणतात.

ग्राहक आयोगातही तक्रार टाकली आहे. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ऑनलाइन होते. नोटीस 'पत्त्यावर इसम नाही' म्हणून परत आली, आता जाहीर नोटिशीचा अर्ज दिलाय. मशीन भंगारात घालायला पोरं सांगतात, पण तो मुद्देमाल आहे, स्क्रूसकट तसाच ठेवलाय. तुम्हीही दुरुस्त करायला जाऊ नका, आधी फोटो आणि मिस्त्रीचा लेखी जबाब घ्या.

'गोव्यात गोदाम, पूरपट्ट्याला सवलत, पंपाच्या कोडचं बिल' असं कोटेशन शिरोळ, करवीर, हातकणंगले, सांगलीकडं आणखी कुणाला आलं असेल, तर लाज वाटून गप्प बसू नका. आपापल्या ठाण्यात तक्रार द्या, खातं क्रमांक लिहून द्या. एका तक्रारीला दिवाणी म्हणून वाटेला लावता येतं. त्याच खात्यावर चार तक्रारी झाल्या की तसं म्हणता येत नाही.