‘पंच’चे जुने खंड स्कॅनमध्ये : काही महिन्यांच्या वापरानंतर

लंडनच्या ‘पंच’ या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाचे एकोणिसाव्या शतकातले खंड आता घरबसल्या फुकट चाळता येतात. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने पानन् पान स्कॅन करून ठेवलं आहे. हा अनुभव एकाच कामापुरता आहे : गरिबी आणि मृत्यू यांवरची व्यंगचित्रं शोधून काढणं.

आधी शोधाबद्दल. ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारी यंत्रणा) कुठलंही असो, त्याच्या भरवशावर राहू नका. ‘कॉलरा’ टाकलं की लेख आणि विनोदी कविता सापडतात, चित्रं निसटतात. कारण चित्रातल्या पाट्यांवरची अक्षरं छपाईच्या लाकडी ठोकळ्यातच, चित्राबरोबर कोरलेली असतात. त्यापेक्षा तारखेवरून खंड काढा. पहिला अंक 17 जुलै 1841 चा, आणि दर सहामाहीला एक खंड. सनातून 1841 वजा करून दुप्पट करा, तो जानेवारी-जूनचा खंड. एक मिळवला की जुलै-डिसेंबरचा. 1858 चा जुलै म्हणजे खंड 35.

पान अंदाजे 27 × 20 सेंमी. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) उंचीत साधारण 3200 पिक्सेल मिळतात. ए-3 वर छापलं तर इंचाला 190 च्या आसपास उरतात, म्हणजे भिंतीवर लावायला चालेल, बारीक रेघा वाचायला नाही. पीडीएफपेक्षा पानाची स्वतंत्र प्रतिमा घ्या, आणि ती ग्रेस्केलमध्येच, म्हणजे करड्या छटांसकट. निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये आडव्या-उभ्या रेघांचं जाळं भरून जातं आणि अंधारी खोली नुसता काळा डाग होते. मोठ्या चित्रातून आरपार गेलेली बारीक पांढरी सरळ रेघ मात्र स्कॅनचा दोष नव्हे. बॉक्सवुडचे तुकडे लहान, ते जोडून मोठा ठोकळा करत, त्याचा तो सांधा. कोपऱ्यातलं ‘स्वेन’ हे नाव कोरणाऱ्याचं, चित्रकाराचं नव्हे. ‘पंच’चा चित्रकार जॉन लीच कधीकधी सहीऐवजी बाटलीतली जळू काढतो, कारण इंग्रजीत ‘लीच’ म्हणजे जळू.

खरी अडचण सुटी चित्रं उतरवून घेताना येते. नेटवर फिरणाऱ्या प्रतींत खालच्या ओळी कापलेल्या असतात आणि तिथेच चित्र लंगडं पडतं. ‘पंच’चाच चित्रकार जॉन टेनिएल, त्याचं 4 जुलै 1863 चं ‘हॉन्टेड लेडी’ घ्या. नव्या झग्यातली बाई आरशासमोर उभी. आरशात तिच्याऐवजी कोसळलेली शिवणकाम करणारी मुलगी. खालच्या ओळीत दुकानाची मालकीण म्हणते की कितीही त्याग करावा लागला तरी बाईसाहेबांना निराश केलं नसतं. हा ‘त्याग’ कोणाचा, हेच तर चित्र. त्याच जूनमध्ये मेरी अ‍ॅन वॉकली ही वीस वर्षांची कारागीर सलग सव्वीस तासांहून जास्त काम करून मेली होती. ओळ कापली की उरते भुताची गोष्ट.

चित्रं सनावार लावून पाहिल्याशिवाय ‘पंच’ची नजर कशी सरकली ते कळत नाही. 1843 च्या ‘सब्स्टन्स अँड शॅडो’मध्ये फाटक्या कपड्यांतली माणसं प्रदर्शनातली तसबिरी बघतात, राग सरकारवर. 1845 च्या ‘पुअर मॅन्स फ्रेंड’मध्ये मरणाऱ्या गरिबाजवळ येतो तो मित्र म्हणजे मृत्यूच. 25 सप्टेंबर 1852 च्या ‘कोर्ट फॉर किंग कॉलरा’त (कोर्ट म्हणजे दरबार, तसाच बोळही) हाडांचा सापळाच नाही, नुसती खचाखच गल्ली, उकिरडा आणि ‘प्रवाशांसाठी खोल्या’च्या पाट्या, हे झूम करूनच बघा. 10 जुलै 1858 ला सांडपाण्याने घाण झालेल्या थेम्सवर नाव वल्हवणारा सापळा विचारतो : पैसे की प्राण? पैसे म्हणजे गटारांचा खर्च. इथे भीती सगळ्या शहराची आहे, गरिबाचा चेहरा गायब. 29 सप्टेंबर 1888 च्या ‘नेमेसिस ऑफ नेग्लेक्ट’मध्ये (दुर्लक्षाचा सूड) तर झोपडवस्ती म्हणजे सुरा घेतलेलं भूत. आमच्या मते 1840 च्या दशकातले खंड सर्वांत सरस. पुढे रेखाटन सफाईदार होतं, कळवळा पातळ.

सार्वजनिक पंपावर सापळा पाणी देतो आणि पोरंबाळं ते पितात, ते प्रसिद्ध चित्र ‘पंच’मध्ये शोधत बसू नका. ते जॉर्ज पिनवेलचं, 18 ऑगस्ट 1866 च्या ‘फन’ या प्रतिस्पर्धी साप्ताहिकातलं. डॉक्टर जॉन स्नोनं लंडनमधल्या कॉलऱ्याचं मूळ म्हणून ब्रॉड स्ट्रीटचा पंप दाखवून दिला 1854 मध्ये, म्हणून अनेक ठिकाणी हे चित्र त्या साथीला चिकटवलेलं दिसतं. ते 1866 च्या, पूर्व लंडनमधल्या साथीच्या वेळचं आहे.