एफ-ड्रॉइड काही महिने वापरल्यावर: सगळं फुकट, पण सही सांभाळा

एफ-ड्रॉइड म्हणजे ओपन-सोर्स अँड्रॉइड अ‍ॅप्सचं फुकट स्टोअर. तिथलं न्यूपाइप, म्हणजे यूट्यूबचे व्हिडिओ दाखवणारं अ‍ॅप, अचानक व्हिडिओ लावेनासं झालं की समजावं, यूट्यूबने आतून काहीतरी बदललंय. दुरुस्त आवृत्ती गिटहबवर (डेव्हलपर कोड ठेवतात ती साइट) आधी येते, एफ-ड्रॉइडच्या मुख्य रिपॉझिटरीत, म्हणजे अ‍ॅप्सच्या साठ्यात, सर्वांत उशिरा. मग लोक गिटहबवरची एपीके (अ‍ॅपची इन्स्टॉल फाइल) उतरवतात, ती जुन्यावर बसत नाही, वैतागून जुनं अ‍ॅप काढून टाकतात. सबस्क्रिप्शन, प्लेलिस्ट, सगळं गेलं!

माझ्या मते एफ-ड्रॉइडचा हाच खरा दोष, बाकीचे किरकोळ. इथे डेव्हलपरने तयार एपीके चढवायची नसते. सर्व्हर सोर्स कोडवरून अ‍ॅप बिल्ड करतो आणि बहुतेक अ‍ॅप्सवर एफ-ड्रॉइडचीच सही, म्हणजे अ‍ॅप कोणाकडून आलं ते सांगणारी डिजिटल खूण, होते. सही वेगळी दिसली की अँड्रॉइड अपडेट नाकारतं. म्हणून प्ले, गिटहब आणि एफ-ड्रॉइड यांच्यात अदलाबदल करण्याआधी डेटा बाहेर काढा. न्यूपाइपमध्ये सेटिंग्जमधून डेटाबेस एक्स्पोर्ट करा, झिप फाइल मिळते. पॉडकास्टच्या अँटेनापॉडमध्ये ओपीएमएल फाइलवर भागवू नका, त्यात फक्त पॉडकास्टची यादी असते. कुठवर ऐकलंय तेही हवं असेल तर डेटाबेसच घ्या. टर्मक्स (फोनवर कमांड चालवायचं अ‍ॅप) आणि त्याचे प्लगइन एकाच ठिकाणचे हवेत, नाहीतर प्लगइन बसतच नाही.

उशिराबद्दलचं मत मात्र आता निवळलंय. सही करायची गुप्त की (डिजिटल किल्ली) ऑफलाइन मशीनवर ठेवलेली असते, वेळ तिथे जातो. आणि दिसतो त्याच कोडचं अ‍ॅप मिळतं याची किंमत म्हणून तो मला मान्य आहे. घाई असेल तर सेटिंग्जमधल्या रिपॉझिटरीजमध्ये न्यूपाइपची स्वतःची रिपॉझिटरी जोडा, फिंगरप्रिंट (रिपॉझिटरी खरी असल्याची ओळखखूण) ताडून घ्या. इझीऑनड्रॉइड या दुसऱ्या रिपॉझिटरीवरही डेव्हलपरने सही केलेल्या एपीके असतात. रीप्रोड्युसिबल बिल्ड (त्याच कोडवरून कुणीही केलं तरी हुबेहूब तेच बनणारं बिल्ड) असलेल्या अ‍ॅप्समध्ये तर मुख्य रिपॉझिटरीतही डेव्हलपरचीच सही राहते. हे सगळ्यांनी केलं तर माझी तक्रारच मिटेल.

पैशाचं सरळ आहे. प्लेवर डेव्हलपरला नोंदणीचे एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलकडे वर्षाला ९९, इथे शून्य. बिलिंगच नाही, त्यामुळे कमिशनही नाही. प्लेवर विकत घ्यावं लागणारं डेव्हएक्स५ (कॅलेंडर-कॉन्टॅक्ट्स सिंक करणारं अ‍ॅप) इथे फुकट मिळतं. वाचलेल्या पैशांतले थोडे तरी अ‍ॅपच्या पानावरच्या देणगीच्या लिंकवरून डेव्हलपरला पाठवा, एफ-ड्रॉइडवरून त्याला दुसरं काही मिळत नाही.

स्वतःची रिपॉझिटरी काढणंही स्वस्त: एफड्रॉइडसर्व्हर हे सॉफ्टवेअर नुसत्या स्थिर फाइल्स बनवतं, त्या कुठल्याही साध्या वेब होस्टिंगवर चालतात. फक्त कीस्टोअर फाइलचा (तिच्यात सहीची की असते) बॅकअप दोन ठिकाणी ठेवा. ती हरवली तर फिंगरप्रिंट बदलतो आणि प्रत्येक वापरकर्त्याला रिपॉझिटरी काढून पुन्हा जोडावी लागते.