८×२५ की ८×३२? विदर्भातल्या भटकंतीसाठी लहान दुर्बीण निवडताना

डिसेंबरातल्या एका पहाटे गोंदिया जिल्ह्यातल्या एका तलावाच्या पाळीवर मी आणि माझा भाचा दोन दुर्बिणी घेऊन बसलो होतो. माझ्या हातात ८×३२ होती, त्याच्याकडे तिच्याहून लहान भिंगाची ८×२५. तलावाखालच्या, धान कापून झालेल्या बांध्यांत सारसांची जोडी उभी होती. उजाडायला लागले तेव्हा दोन्ही दुर्बिणींतून दोन उंच, राखाडी आकृत्याच तेवढ्या दिसत होत्या. थोड्या वेळाने मला त्यांच्या डोक्यामानेचा लाल रंग ओळखू येऊ लागला, पण भाचा अजूनही “मामा, मला काळपटच दिसतंय,” असे सांगत होता. आम्ही दुर्बिणी अदलाबदल केल्या, तेव्हा लाल रंग त्याला दिसू लागला आणि माझ्यासाठी तो काळपट झाला. दहा-बारा मिनिटांनी ऊन बांधीत उतरले आणि त्यानंतर दोन्ही दुर्बिणींतला फरक आम्हा दोघांनाही सांगता येईना. लहान दुर्बीण घेणाऱ्याने सर्वांत आधी हे ठरवावे, की आपण ती त्या दहा-बारा मिनिटांसाठी घेत आहोत की त्यानंतरच्या उजेडासाठी.

आपल्या भागात हा प्रश्न टाळता येत नाही. मे महिन्यात चंद्रपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि ताडोबा असो, नवेगाव-नागझिरा असो की यवतमाळकडचे टिपेश्वर, दहा वाजले की जनावर सावलीला बसते आणि पाखरू पानाआड जाते. पाहण्यासारखे बरेचसे उजाडताना आणि दिवस बुडताना घडते, तेही बांबूच्या रांजीखाली किंवा मोहाच्या दाट सावलीत. समुद्रकिनारी किंवा खेळाच्या मैदानावर दुपारी पाहणाऱ्यासाठी जो सल्ला योग्य असतो, तो आपल्याला म्हणूनच जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुर्बिणीवरचा पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो आणि दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. ८×२५ मध्ये तो ३.१ मिलिमीटर येतो, ८×३२ मध्ये ४, १०×२५ मध्ये अवघा २.५ आणि मोठ्या ८×४२ मध्ये सव्वापाच. लख्ख उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते, त्यामुळे त्या वेळी कोणतीही दुर्बीण डोळ्याला पुरेसा प्रकाश देते. अंधुक उजेडात मात्र बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते, तरुणांची सातपर्यंतही, आणि मग २५ मिलिमीटरचे भिंग डोळ्याच्या मागणीला पुरे पडत नाही. भिंगाच्या क्षेत्रफळाचा हिशेब केला तर ३२ चे भिंग २५ च्या भिंगापेक्षा ६४ टक्के जास्त प्रकाश गोळा करते. लाल आणि काळपट यांतला आमचा त्या पहाटेचा फरक याच हिशेबातून आला होता.

प्रकाशवर्तुळ मोठे असण्याचा आणखी एक फायदा आहे, जो कागदावरून कळत नाही. ते लहान असेल तर डोळा नेमक्या जागी धरावा लागतो. जरा हलला की चित्राच्या कडेला काळी चंद्रकोर येते. पाळीवर स्वस्थ बसलेल्याला याचा त्रास होत नाही, पण खडबडीत रस्त्यावरच्या उघड्या जिप्सीत, शेजारी चार माणसे एकाच बाजूला झुकलेली असताना, चार मिलिमीटरचे वर्तुळ आणि तीन मिलिमीटरचे वर्तुळ यांतले अंतर फार मोठे वाटते.

याच कारणांमुळे १०×२५ घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दहा हा आकडा आठपेक्षा मोठा असल्याने ती अधिक चांगली, अशी समजूत सर्वत्र आहे. प्रत्यक्षात दहापट मोठ्या चित्राबरोबर हाताचा कंपही दहापट होतो, प्रकाशवर्तुळ अडीच मिलिमीटरवर येते आणि दिसणारा परिसर आक्रसतो: एक हजार मीटर अंतरावर चांगल्या ८×२५ मधून सुमारे १२० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, तर १०×२५ मधून सुमारे ९५ मीटरचा. सागाच्या फांद्यांतून उडणारा हळद्या शोधताना हे पंचवीस मीटर हवे असतात. लोणारच्या विवराच्या काठावर भर दुपारी बसून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या त्या विवराचा तळ न्याहाळायचा असेल तर दहापट दुर्बीण कामाची आहे. पण तेवढ्या एका जागेसाठी बाकी सारे गमावण्यात अर्थ नाही.

आता ८×२५ ची बाजू, कारण ती लंगडी मुळीच नाही. तिचे वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम असते. ८×३० आणि ८×३२ या ४५० ते ६०० ग्रॅमपर्यंत जातात, आणि ८×४२ तर बहुतेक ६५० ग्रॅमच्या आसपास किंवा पुढे. जो माणूस एसटीने फिरतो, खांद्यावर एकच पिशवी नेतो आणि पाखरे पाहायला म्हणून वेगळा वेळ काढत नाही, त्याच्यासाठी हे अंतर निर्णायक आहे. मी स्वतः धुऱ्यावर जाताना खिशात ८×२५ ठेवतो. रोवणीच्या दिवसांत चिखलाने माखलेल्या पायांनी, हातात फावडे असताना अर्ध्या किलोची दुर्बीण गळ्यात लोंबकळलेली परवडत नाही. आणि त्याच दिवसांत सारस धानाच्या बांधीत घरटे करतात, तेव्हा घरट्याजवळ न जाता धुऱ्यावरूनच पाहता येणे ही पाखरांच्या दृष्टीनेही मोठी सोय आहे. मेळघाटातला रानपिंगळा हा दिवसाही हालचाल करणारा पक्षी आहे, तो पाहायलाही पंचवीसचे भिंग पुरते.

लहान आकारासाठी जी किंमत मोजावी लागते ती केवळ प्रकाशाची नसते. बहुतेक खिशातल्या दुर्बिणींना दोन बिजागऱ्या असतात, म्हणून त्या घडी होऊन मुठीत मावतात. पण प्रत्येक वेळी उघडल्यावर दोन्ही बाजू आपल्या डोळ्यांच्या अंतरानुसार नव्याने जुळवाव्या लागतात. एकट्या माणसाला याची सवय होते. कुटुंबात एकच दुर्बीण असेल आणि ती आजीकडून नातवाकडे, नातवाकडून सुनेकडे फिरणार असेल, तर दर वेळी जुळवाजुळवीत अस्वल झुडपाआड निघून जाते. मधोमध एकच बिजागरी असलेली ८×३२ या बाबतीत फार सरळ आहे.

चष्मा लावणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहावा, तो म्हणजे डोळा मागच्या भिंगापासून किती दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते तो. तो १५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर चष्म्यासकट पाहताना चित्राच्या कडा कापल्या जातात.

प्रत्यक्ष नावे घ्यायची तर खिशातल्या दुर्बिणींत त्साइस टेरा ईडी पॉकेट ८×२५ ही ३१० ग्रॅमची, हजार मीटरवर ११९ मीटर दाखवणारी दुर्बीण मला किमतीच्या मानाने सर्वांत समतोल वाटते. स्वारोव्स्की सीएल पॉकेट ८×२५ ची काच आणि बांधणी तिच्याहून सरस आहे, चष्म्यासाठीही ती सोयीची आहे, परंतु तिचे दाम दुपटीच्याही पुढे जातात. त्साइस व्हिक्टरी पॉकेट ८×२५ मध्ये १३० मीटरचा पट्टा दिसतो, जो एवढ्या लहान दुर्बिणीसाठी विलक्षण आहे. आता यांच्या शेजारी निकॉन मोनार्क एम७ ८×३० ठेवून पाहावी: तिच्यातून १४५ मीटर दिसतात, प्रकाशवर्तुळ पावणेचार मिलिमीटरचे आहे, वजन अर्ध्या किलोच्या आतच राहते आणि किंमत स्वारोव्स्कीच्या त्या खिशातल्या दुर्बिणीच्या निम्म्याहून कमी असते. उत्तम प्रतीची पंचवीस घ्यावी की चांगल्या प्रतीची तीस, असा पेच जेव्हा पैशांमुळे पडतो, तेव्हा जंगलासाठी मी न अडखळता तीसच्या बाजूने कौल देईन.

मात्र साध्या प्रतीची ३२ ही उत्तम २५ पेक्षा चांगली, असे यावरून कोणी समजू नये. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत लोलकातून जाणारा प्रकाश दोन भागांत विभागला जातो आणि ते भाग पुन्हा एकत्र येताना चित्राची धार किंचित बोथट होते. ती दुरुस्त करण्यासाठी लोलकावर फेज कोटिंग दिलेले असावे लागते, शिवाय सर्व भिंगांवर अनेक थरांचे लेपन असावे लागते. स्वस्त दुर्बिणींत पहिल्याला बरेचदा फाटा दिलेला असतो. काचेची प्रत ओळखायला बगळा बरा: गडद पाण्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्याशुभ्र बगळ्याच्या कडेला जांभळी किंवा हिरवट किनार उमटली, तर काच साधी आहे, ईडी म्हणजे रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेत ही किनार जवळजवळ दिसत नाही. यात्रेत मिळणाऱ्या लाल चमकत्या भिंगांच्या आणि ३०×६० असे आकडे छापलेल्या मुठीएवढ्या दुर्बिणींवर पैसे घालवू नयेत, आणि लहान आकारात झूम असलेली तर नकोच.

एका वेगळ्या जातीच्या दुर्बिणीचा उल्लेख येथे करायलाच हवा. पेंटॅक्स पापिलिओ ६.५×२१ ही अवघ्या अर्ध्या मीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवते. ओल्या मातीवर बसलेल्या फुलपाखराच्या पंखांवरचे खवले, चतुराच्या पंखांची जाळी हे सारे गुडघ्यावर बसून पाहता येते. तिला पाणी सोसत नाही आणि पहाटेचा वाघ हे तिचे काम नाही, पण शाळेतल्या मुलांच्या हाती द्यायला याहून चांगली दुर्बीण मला ठाऊक नाही.

धूळ आणि दमट हवा यांचा विचार केल्याशिवाय विदर्भात दुर्बीण घेऊ नये. माझी पहिली दुर्बीण मी एका पावसाळ्यात चामडी पेटीत घालून कपाटात ठेवली होती. पोळ्याच्या सुमारास काढली तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. ती बुरशी होती, आणि दुरुस्तीचा खर्च दुर्बिणीच्या किमतीएवढा निघाला. तेव्हापासून मी आत नायट्रोजन भरलेली, पाणी शिरू न देणारीच दुर्बीण घेतो आणि जून ते ऑक्टोबर ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरतो. उन्हाळ्यात धुळीने भरलेले भिंग डोक्याच्या दुपट्ट्याने पुसण्याची सवय फार वाईट आहे, कारण बारीक रेतीचा कण लेपनावर कायमचा ओरखडा काढतो. आधी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा, आणि कापड सर्वांत शेवटी वापरावे. बंद गाडीच्या काचेमागे मेच्या उन्हात तर ती कधीच ठेवू नये.

शक्य असेल तर नागपूरला जाऊन हातात घेऊनच खरेदी करावी, आणि दुकानात दुपारी न जाता दिवे लागायच्या वेळी जावे. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे पाहिले की मागच्या भिंगात प्रकाशाचे वर्तुळ दिसते. ते नीट गोल असावे, कडा कापलेल्या आणि करड्या असतील तर लोलक हलक्या प्रतीच्या काचेचा आहे. डावा डोळा उघडा ठेवून मधल्या चाकाने चित्र स्पष्ट करावे, नंतर फक्त उजव्या डोळ्याने पाहत उजवीकडची कडी फिरवावी, आणि मग दोन्ही डोळ्यांनी पाच मिनिटे सलग पाहावे. डोळ्यांवर ताण आला किंवा चित्र दुहेरी झाले तर ती दुर्बीण परत करावी. त्यानंतर २५ ची आणि ३० किंवा ३२ ची अशा दोन दुर्बिणी घेऊन दुकानाबाहेर यावे, समोरच्या झाडाच्या आतल्या अंधाऱ्या फांद्यांवर आलटून पालटून धराव्यात, आणि पाने मोजता येतात का ते पाहावे.